तामणाला वळण लावताना



प्रत्येक अंकात मुख्याध्यापिकेने परीक्षा, शिस्त किंवा मराठी टिकवण्याविषयी लिहावे अशी अपेक्षा असते. या वेळी मी झाड छाटण्याविषयी लिहिणार आहे. आमच्या घराच्या बागेत तामणाचे एक तरुण झाड आहे, आणि शाळेच्या मागच्या कुंपणालगत मुलांनी लावलेली रोपे आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहेत. या दोन्हींकडे पाहताना जे मनात येते ते लिहिते. मी माळी नाही. मात्र गेली काही वर्षे एका झाडाकडे रोज लक्ष देऊन पाहिले आहे, आणि त्याच्यापायी घरात थोडे वादही झाले आहेत.

तामण इंदूरात आमच्या घरी आले ते सासूबाईंमुळे. त्यांचे माहेर कोकणातले, संगमेश्वराकडचे. तिथे ओढ्याकाठी तामण आपोआप उगवतो. लग्न होऊन त्या इंदूरला आल्या त्याला आता साठ वर्षे उलटून गेली. इतक्या वर्षांत त्यांनी कोकणातले फारसे काही मागितले नाही, अगदी फणसाचीही आठवण काढली नाही. पण घर नव्याने बांधले आणि पुढे पंधरा फूट मोकळी जागा राहिली, तेव्हा म्हणाल्या, "इथे तामण लाव. वैशाखात जांभळा दिसायला हवा." तामण म्हणजे नेमके काय हे मला आधी कळेना. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्रही हिंदीतून. रोपवाटिकेत गेले, पाटी वाचली आणि लक्षात आले की हा तर आपला जारुल! रेसिडेन्सी भागात जाता-येता पाहिलेला. महाराष्ट्राचे राज्यफूल म्हणून ज्याचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ करून घेतो, तोच हा. शास्त्रीय नावातला 'लॅगरस्ट्रोमिया' हा शब्द लिनीअसने आपल्या एका स्वीडिश व्यापारी मित्राच्या आडनावावरून दिला. आमच्या आई मात्र त्याला 'आमचा तामण' याखेरीज दुसऱ्या नावाने ओळखत नाहीत.

शब्दांची गोष्ट निघाली आहे तर आणखी एक सांगते. हिंदीत उद्यानशास्त्राच्या पुस्तकात 'सधाई' आणि 'कटाई-छँटाई' असे दोन वेगळे शब्द असतात. मराठीत पहिल्याला म्हणतात 'वळण देणे' आणि दुसऱ्याला 'छाटणी'. दोन्हींत कात्री लागते, म्हणून लोक ती एकच समजतात. वळण द्यायचे ते झाड लहान असताना, बोटाएवढ्या फांद्यांवर, पुढच्या वीस वर्षांचा विचार करून. छाटणी नंतरची, वाढलेले आवरण्याची. पहिले वेळेवर झाले तर दुसरे फारसे करावेच लागत नाही. आपल्याकडे बहुतेक झाडांच्या नशिबी फक्त दुसरे येते. आणि 'कलम' या शब्दाने तर आमच्या घरी एकदा गोंधळच उडाला. माळीकाका म्हणाले, "इसको कलम कर देते हैं." आईंना वाटले, आंब्यासारखे कलम बांधणार. त्या खूश. काका मात्र शेंडा उडवण्याविषयी बोलत होते.

रोप लावले २०१८ च्या पावसाळ्यात. रोपवाटिकेतून आणलेली रोपे एका काठीला करकचून बांधलेली असतात आणि उंच दिसावीत म्हणून त्यांची खालची पाने, फांद्या ओरबाडून काढलेल्या असतात. असे रोप काठी सोडली की वाकते. कारण खोड जाड होते ते दोन गोष्टींनी. एक तर वाऱ्यात हलल्याने, आणि दुसरे, त्याच्याच अंगावरच्या पानांनी तयार केलेल्या अन्नाने. आम्ही ती काठी काढली, दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर एकेक बांबू ठोकला आणि जुन्या सुती साडीच्या रुंद पट्ट्यांनी इंग्रजी आठच्या आकाराचे सैल वेढे दिले. झाड हलावे, पण पडू नये इतकेच. दुसऱ्या पावसाळ्याआधी बांबू काढून टाकले. सुतळी किंवा तार वर्षानुवर्षे तशीच राहिली तर खोडात रुतते आणि सालीखालून जाणारा अन्नाचा रस्ताच आवळला जातो. आपल्या वस्तीत रस्त्याकडेच्या झाडांवर लोखंडी जाळ्या रुतलेल्या पाहिल्या असतीलच.

खालच्या फांद्यांच्या बाबतीत घरच्या सर्वांना घाई होती. फाटकापाशी जाता-येता फांदी साडीत अडकते, म्हणून "काढून टाक" असा आग्रह. मी त्या काढल्या नाहीत, हातभर ठेवून टोके खुडत राहिले. या फांद्या कायमच्या नसतात. शेवटी माणूस खालून सहज जाईल इतके खोड मोकळे करायचेच असते. पण पहिली तीन-चार वर्षे त्या खोडाला पोसतात आणि मे महिन्याच्या उन्हापासून कोवळी साल झाकतात. अंगठ्याएवढ्या जाड होण्याआधी, दरवर्षी दोन-तीन करून, खालून वर काढत गेलो. एका वर्षात झाडाच्या एकूण हिरव्या भागाचा चौथा हिस्सा म्हणजे कमाल मर्यादा. त्याहून जास्त नाही, कमी चालेल.

फांदी काढताना कुठे कापायचे, हे मात्र नीट समजून घ्यावे लागते. कोणत्याही फांदीच्या बुंध्याशी, जिथे ती खोडाला मिळते तिथे, एक फुगीर कडी दिसते. इंग्रजीत तिला कॉलर म्हणतात आणि शब्द अगदी चपखल आहे, सदऱ्याच्या कॉलरीसारखीच ती फांदीच्या गळ्याभोवती असते. ती कडी फांदीची नसून खोडाची. काप तिच्या लगेच बाहेर द्यायचा. कडीसकट खोडाला घासून कापले, तर खोडालाच जखम होते. उलट बोटभर खुंटी ठेवली तर ती वाळते, कुजते आणि कूज आत उतरते. आमचे माळीकाका चाळीस वर्षे घासूनच कापत आले, कारण ते 'साफ' दिसते. आपले झाडूकाम असो की छाटणी, साफ दिसण्याचा आपल्याला फार सोस!

अलेक्स शिगो (१९३०–२००६) नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ होऊन गेले. तिथल्या वनखात्यात असताना त्यांनी हजारो झाडे उभी चिरून आतल्या जुन्या जखमांचे काय होते ते पाहिले. त्यांना दिसले ते असे की, आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. आपल्या शरीरात खराब झालेल्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाड ते करू शकत नाही. ते जखमेभोवती भिंत घालते, तो भाग बंदिस्त करते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढवते. म्हणजे बोटाएवढ्या फांदीचा काप दहा वर्षांनी वरून दिसेनासा झाला तरी आत तो तसाच असतो, पेटीत ठेवल्यासारखा. हे वाचल्यापासून कात्री उचलताना माझा हात थोडा थांबतो. लहान काप झाड लवकर झाकते. मोठ्या कापाला अनेक वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात बुरशी आत शिरते.

बरोबर कापले की नाही याची परीक्षा पुढच्या वर्षी होते. बरोबर असेल तर कापाभोवती नव्या सालीची कडी सगळीकडून सारखी उठते, थेट कडबोळ्यासारखी. घासून कापले असेल तर ती दोन बाजूंनीच उठते आणि मधली जखम डोळ्याच्या आकाराची लांबट राहते. मुलांनो, शाळेसमोरच्या रस्त्यावरच्या झाडांच्या खोडांकडे एकदा या नजरेने पाहा. कुणी कसे कापले आहे ते सगळे तिथे लिहिलेले असते.

आता वादाच्या गोष्टीकडे येते. २०२१ पर्यंत आमच्या तामणाला साडेचार फुटांवर दोन शेंडे फुटून दोन सारखी खोडे झाली होती. दोन्ही मनगटापेक्षा थोडी बारीक. अगदी अरुंद, इंग्रजी व्हीसारखा कोन. दिसायला फार सुरेख, जणू कुणी दोन हात जोडून वर केले आहेत. पण अशा जोडाला बळ नसते. नेहमीची फांदी खोडातून निघते तेव्हा खोडाचे लाकूड दरवर्षी तिच्या बुंध्याभोवती गुंफले जाते. दोन खोडे बरोबरीची असली, की ती गुंफण होत नाही. दोघांच्या मध्ये सालच दबत जाते आणि झाड जसे जाड होईल तशी ती साल पाचरीसारखी काम करते. मग एखाद्या मे-जूनमध्ये आपल्या माळव्यात पावसाआधीची आंधी येते, आणि पंधरा वर्षांचे झाड मधोमध चिरते. अर्धे झाड फाटकावर, अर्धे जागेवर. गेल्या काही वर्षांत आमच्या गल्लीत असे दोनदा झाले आहे. एकदा खाली स्कूटर होती, सुदैवाने माणूस नव्हता.

म्हणजे दोघांतले एक काढायला हवे होते, आणि ते मनगटाएवढे असतानाच. कोणते, तेही स्पष्ट होते. पूर्वेकडचे सरळ वर गेलेले. पश्चिमेकडचे आईंच्या खोलीच्या खिडकीकडे झुकलेले आणि दोन वर्षांत विजेच्या तारेला लागेल असे.

माळीकाकांचा तोडगा सोपा होता. "मैडम, दोनों को ऊपर से काट दो, गोल छतरी बन जाएगी." छतरी होते हे खरे आहे, पण एकच पावसाळा. शेंडा उडवला की कापाखालून आठ-दहा पानसोट जोरात सुटतात. ते सरळ, मऊ, पाणीदार असतात आणि खोडाच्या आतून निघालेले नसून फक्त वरच्या थरात चिकटलेले असतात. झाड दोन वर्षांत पुन्हा तेवढेच उंच होते, पण आता सगळे वजन अशा जोडांवर. मग पुन्हा उडवा. दरवर्षी त्याच जागी कापून-कापून खोडाच्या टोकाला गाठींची मूठ तयार होते. तामणाचीच एक धाकटी बहीण आपल्या बागांतून सावनी या नावाने असते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत घरोघरी ती लावतात आणि घरोघरी अशीच तिची डोकी उडवतात. तिथले झाडांवर प्रेम करणारे लोक या प्रकाराला थट्टेने खूनच म्हणतात. मी काकांना एवढेच म्हटले, "काका, छतरी बाजारात मिळते."

२०२२ च्या एप्रिल अखेरीस तामणाला पहिले फूल आले. ते आले पश्चिमेच्याच खोडावर. पूर्वेच्या खोडावर एक कळीही नाही.

आई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे फिरणे खोलीपुरते राहिले होते आणि पलंग खिडकीला लागून होता. सकाळी त्यांनी हाक मारली ती नुसती "अगं, ये" अशी. मी धावत गेले, काही दुखले-खुपले की काय म्हणून. त्या बोटाने दाखवत होत्या. जांभळ्या कुरकुरीत पाकळ्या, कुणी क्रेप कागद चुरगाळून पुन्हा उलगडावा तशा, आणि मध्ये पिवळ्या केसरांचा गुच्छ. खालून वर उमलत जाणारा हातभर तुरा. महिनाभर त्यांचा दिवस त्या तुऱ्याने सुरू झाला. माहेरच्या ओढ्याच्या आठवणी त्या महिन्यात पहिल्यांदाच आम्हाला इतक्या सविस्तर ऐकायला मिळाल्या.

आणि काढायचे होते ते नेमके हेच खोड.

घरात दोन पक्ष पडले. आमच्या यांचे म्हणणे, आई आहेत तोवर राहू दे, नंतरचे नंतर पाहू. माझे म्हणणे, नंतर ते दंडाएवढे होईल, मग मांडीएवढे. तेव्हा काढले तर झाडाला ती जखम कधीच झाकता येणार नाही, आणि न काढले तर कधीतरी ते खिडकीवरच येईल. दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो, म्हणूनच तो वाद संपत नव्हता. शेवटी आईंनाच विचारले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "झाड माझ्यासाठी लावलं म्हणून ते माझ्यापुरतं थोडंच आहे? काप. पण एकदम नको."

'एकदम नको' हे त्यांनी मायेपोटी म्हटले असेल, पण झाडाच्या दृष्टीनेही तेच योग्य होते. बरोबरीच्या दोन खोडांना ती कॉलर नीट नसते, कारण फांदी आणि खोड असे नातेच तिथे नसते. एकदम कापले तर भिंत घालायला झाडापाशी तयारी नाही. म्हणून आधी एका खोडाला मागे ठेवायचे. २०२३ च्या फेब्रुवारीत, पाने तांबूस होऊन गळल्यावर, पश्चिमेच्या खोडाचा वरचा तिसरा हिस्सा एका आडव्या फांदीपर्यंत कापला. मधेच खुंट न ठेवता नेमका त्या फांदीवर. शेंडा गेल्याने त्याचा जोर कमी झाला आणि वर्षभरात पूर्वेचे खोड ठळकपणे जाड झाले. आणि तामणाची फुले जुन्या लाकडावर येत नाहीत, त्याच वर्षीच्या नव्या फुटीच्या टोकांवर येतात. त्यामुळे मागे ठेवलेल्या खोडालाही एप्रिल-मेमध्ये तुरे आलेच. आईंना आणखी एक वैशाख मिळाला.

कोणते झाड कधी छाटावे याचा हिशेब यातूनच येतो. तामणासारखे उन्हाळ्यात नव्या फुटीवर फुलणारे झाड पानगळीनंतर, पालवी फुटण्याआधी छाटावे. आपल्याकडे जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी. पण आमच्याच बागेत कांचन आहे, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. त्याला तामणाबरोबर हात लावला तर त्या वर्षीची फुले कात्रीतच गेली. त्याची छाटणी फुले सरल्यावर. भर पावसात मात्र कुणालाच छाटू नये, ओल्या जखमेत बुरशीला आयतेच आमंत्रण. वाळलेली, मोडलेली फांदी तेवढी केव्हाही काढावी.

२०२४ च्या फेब्रुवारीत शेवटचा काप. शाळेत बारावीच्या प्रात्यक्षिकांची गडबड, म्हणून रविवार धरला. तीन काप द्यायचे असतात. पहिला खालून, जोडापासून हातभर दूर, तिसरा हिस्सा आत जाईल इतकाच. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. तिथे फांदी आपल्या वजनाने सुटते आणि पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेत नाही. मग उरलेला हलका तुकडा, दोन खोडांमधल्या सालीच्या उंचवट्यापासून बाहेरच्या बाजूला तिरपा. करवत आधी स्पिरिटने पुसून घेतली. आईंनी खिडकी उघडी ठेवायला सांगितली होती. करवतीचा आवाज सुरू असताना त्या काही बोलल्या नाहीत. तुकडा खाली पडला तेव्हा विचारले, "आत लाकूड कसं आहे?" मी नेऊन दाखवला. त्यांनी वास घेऊन पाहिला.

काकांनी गेरूचा डबा आणला होता. कापावर गेरू, डांबर किंवा रंग फासण्याची आपली जुनी पद्धत आहे. फळबागांतून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात, त्याला तिथल्या रोगांच्या दृष्टीने कारण आहे. पण घरच्या शोभेच्या झाडाच्या स्वच्छ कापाला काही लावावे लागत नाही. रंगाने आतली कूज थांबत नाही, आणि दाट थराखाली ओल कोंडून राहिली तर उलट तिचे फावते. काका नाराज झाले, म्हणून त्यांना फाटकाशेजारच्या कुंड्या रंगवू दिल्या.

त्या एप्रिलमध्ये तामण भरपूर फुलला, पण सगळा पूर्वेला. आईंच्या खिडकीतून फक्त पानांची पाठ. त्या तक्रार करत नव्हत्या, आणि तेच जास्त लागत होते. दोन दिवस आम्ही सगळे नको तितके गोड वागलो. तिसऱ्या दिवशी आमच्या यांनी आणि शेजारच्या मुलाने मिळून पलंग चार फूट सरकवून दुसऱ्या खिडकीपाशी लावला. झाडाला वळण लावायला सहा वर्षे, पलंगाला दहा मिनिटे. कापाभोवतीची कडी आता जवळजवळ मिळत आली आहे, खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी जागा उघडी आहे. त्या जागेवर माझी नजर असते.

छाटलेले जाळू नका, ही एक विनंती इंदूरकरांना विशेष करून. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच शहरातल्या शेती संशोधन संस्थेत पालापाचोळा, काड्या आणि शेण यांचे थर रचून तीनेक महिन्यांत खत करण्याची रीत बसवली आणि ती जगभर 'इंदूर पद्धत' या नावाने गेली. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात आपल्या गावाचे नाव आहे ते पाचोळ्यामुळे! तामणाच्या बारीक काड्या आम्ही बोटभर लांबीच्या करून घराच्या मागच्या खड्ड्यात टाकतो.

अनेक पालक मला म्हणतील, मॅडम, शेवटी मुलेही अशीच, कोवळेपणी वळण लावावे लागते. शाळांच्या स्नेहसंमेलनांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मोजत नाही. मराठीत अक्षरालाही वळण आणि वागण्यालाही वळण, त्यामुळे मोह होतो. मला मात्र ही तुलना पटत नाही. झाडाची कोणती फांदी राहावी हे मी एकटीने ठरवले, त्याला विचारण्याची सोय नव्हती. मुलांच्या बाबतीत ती सोय आहे, आणि आपण ती फार कमी वापरतो. तेव्हा तामणाच्या लेखात तामणच राहू द्या.

आता विश्वस्त मंडळाकडे. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून जुलै म्हणजे रोपे लावणे हे आपल्या शाळांच्या अंगवळणी पडले आहे. आपल्या इंदूरने तर १४ जुलै २०२४ रोजी एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावून विक्रम केला. आपली मुलेही त्या महिन्यात उत्साहाने खड्डे खणत होती. लावण्याची तारीख सर्वांच्या वहीत असते. दोन शेंडे फुटले आहेत का, बांधलेली दोरी रुतते आहे का, हे पाहण्याची तारीख कुणाच्याच वहीत नसते. मग दहा वर्षांनी झाड तारेत जाते, छाटणारे लोक अर्ध्या तासात अर्धे झाड उतरवून जातात आणि आपण हळहळतो. मोठे झाड पाडायची वेळ आली तर मध्य प्रदेशात शहरी झाडांसाठी २००१ चा कायदा आहे, परवानगी घ्यावी लागते. लहान रोपाचा जादा शेंडा चिमटीने खुडायला काहीच लागत नाही.

माझी मागणी छोटी आहे. दोन चांगले सिकेटर, एक घडीची करवत आणि दरवर्षी फेब्रुवारीतला एक शनिवार, निदान पहिली पाच वर्षे. मागच्या कुंपणालगतच्या रोपांत दोन कडुनिंब आणि एक बहावा मला आत्ताच दोन शेंड्यांचे दिसत आहेत. आठवीपासून पुढची मुले जमिनीवर उभी राहून, हात पोहोचेल तेवढेच काम करतील. शिडी नाही, तारेजवळ कुणी जाणार नाही, आणि प्रत्येक काप देण्याआधी शिक्षक व दोन मुले असे तिघांचे एकमत झाले पाहिजे. पालकांपैकी कुणाला बागकामाची आवड असेल तर त्यांनी त्या दिवशी यावे, चहा माझ्याकडून.

आमच्या तामणाचा कापलेला तुकडा विज्ञान प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवला आहे. त्याच्या आतल्या बाजूला, जिथे लाकूड लाकडाला जुळलेले असायला हवे होते, तिथे दबलेल्या सालीची काळपट पट्टी स्पष्ट दिसते. सातवीच्या मुलांनी ती नखाने खरवडून पाहिली, सहज सुटते. बाकीच्या वर्गांनीही पाहावी. किल्ली प्रयोगशाळेच्या सरांकडे आहे.